पूरक गोळ्या

शाळेत भाषा शिकवण्यात माझी तेहेतीस वर्षं गेली. बायको म्हणते, यांना वेळ विचारली तर आधी घड्याळ शब्दाची व्युत्पत्ती सांगतील. थट्टा करायची, पण घरात आलेला कुठलाही कागद मीच समजावून द्यायचा आणि मी म्हणेन ती तिच्यासाठी काळ्या दगडावरची रेघ.

ती शिवणकाम करायची. डोळे मिटून कापड बोटांत धरलं तरी सुती की लोकर ते सांगायची. वजन मात्र इतकं वाढलं की मशीनवर तासभर बसणं होईना. शेवटी पोट लहान करायची शस्त्रक्रिया झाली.

मग चार घासांचं जेवण सुरू झालं. आधी अंडं नाहीतर मासा, बाकीचं नंतर. घास पंचवीस वेळा चावायचा, जेवताना पाणी प्यायचं नाही. मी समोर बसून मोजायचो आणि म्हणायचो, चिमणी तरी बरी. ती हसायची, आकडा चुकायचा, पुन्हा पहिल्यापासून मोजणी. दीड वर्षात चाळीस किलो उतरले. स्वतःचे जुने कपडे उसवून तिने आत घेतले आणि आरशासमोरून हलेना.

शस्त्रक्रियेनंतर दिलेल्या गोळ्यांचा मात्र तिला वैताग होता. मळमळायचं. एकदा दवाखान्यातून मिळालेला आहाराचा कागद माझ्यापुढे धरून तिने विचारलं, या घ्यायलाच हव्यात का. मथळा होता 'पूरक गोळ्या'. खाली बारीक अक्षरात 'आयुष्यभर' असं होतं. ते मी वाचलं नाही असं नाही, पण माझं डोकं पहिल्या शब्दावरच अडलं.

"पूरक म्हणजे जोडीचं," मी म्हणालो. "आमच्याकडे पूरक वाचन असतं ना, त्यावर परीक्षेत प्रश्न येत नाही. नीट जेवतेस, मग कशाला? पोटापेक्षा गोळ्या जड."

तिने डबा कपाटात टाकला. मळमळ थांबली. आपण किती शहाणे, असं मला वाटलं.

वर्षभराने तिच्या पावलांना मुंग्या यायला लागल्या, मग बोटांना. सुई हातातून निसटली तरी तिला कळेना. एका गिऱ्हाइकाच्या कोटाचं अस्तर तिने उलटं लावलं, तेव्हा ती बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत बसली. वय झालं, म्हणाली. मीही मान डोलावली. त्या मान डोलावण्यात सहा महिने गेले, आणि आज मला सगळ्यात जास्त वाईट त्याचंच वाटतं.

शेवटी दवाखान्यात रक्त तपासलं. ब-बारा जीवनसत्त्व अगदी तळाला गेलं होतं. आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं, अशा पोटाला कितीही चांगलं खाल्लं तरी अन्नातून ते पुरेसं मिळत नाही, म्हणून तर गोळ्या. आता इंजेक्शनं सुरू करू, थकवा जाईल. बोटांचं सांगता येत नाही. थोडं परत येईल, सगळं नाही.

मग त्यांनी विचारलं, "गोळ्या बंद करायला कोणी सांगितलं?"



"कोणी नाही," बायको म्हणाली. "मीच कंटाळले."

बाई तिला चांगली दहा मिनिटं बोलल्या. ती मान खाली घालून ऐकत होती आणि मी शेजारी बसलो होतो, कुणा तिऱ्हाइतासारखा. लाज वाटत होती, तरी तोंड उघडलं नाही.

बाहेर बाकावर बसल्यावर मी म्हणालो, "अगं, खरं सांगायचं होतंस."

"सांगून बोटं परत येणार आहेत का?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "पुढचं इंजेक्शन कधी आहे, तेवढं बघा."

मी बाईंनी दिलेला कागद उघडला. वर लिहिलं होतं, 'रुग्णाने औषधे स्वतःहून बंद केली.' वाक्य शुद्ध होतं, फक्त कर्ता चुकला होता. बाईंच्या खोलीचं दार चार पावलांवर होतं, उघडंच होतं.

मी तिला तारीख वाचून दाखवली.