बारा शून्य पाच

"आजोबा, ह्यात दुसऱ्या कंपनीचं कार्ड चालणारच नाही. आमच्या कंपनीचं लॉक आहे ह्याला," पणजीच्या दुकानातली तनया म्हणाली. "नवा घ्या ना. स्वस्तात मिळतात आता."

"पोरीच्या पयल्या पगाराचो आसा, बाय," सखाराम म्हणाला.

केरीहून दोन बसगाड्या बदलून आलेला माणूस, तो काय असा परत जातो? फोन काउंटरवर ठेवून त्यानं हात जोडले. तीस वर्षं त्यानं फेरीबोटीचे दोर बांधले, पण गावाला तो हवा असायचा गाऱ्हाण्याला. होडी पाण्यात घालायची असो की कुणाची म्हैस हरवलेली असो, देवापुढं सखारामच उभा राही. "बारा पाचाच्या म्हाराजा" म्हणून सुरुवात करी, एकेक मागणं खड्या आवाजात मांडी, आणि जमलेली माणसं दर मागण्याला म्हणत, "व्हय म्हाराजा."

तनयापुढंही त्यानं तसंच मांडलं. लेक शेवंती लाटंबार्श्याला दिलेली. ह्या कंपनीची रेंज घरात नाही, डोंगरावरच्या काजूच्या झाडाखाली मिळते. बायकोचे, जानकीचे, गुडघे गेलेले, ती काय डोंगर चढते! लेक गेल्या गणेशचवथीलाही आली नाही. शेजाऱ्यांच्या पडवीत बसून लेकीशी बोलणं जानकीला नको वाटतं. आता नव्या टॉवरची रेंज थेट चुलीपर्यंत येते, पण हा फोन ते कार्ड घेत नाही.

"तेवा ह्येचा कुलूप काडून दी, बाय," म्हणून तो थांबला.

मागं रांगेत कुणी सखारामच्याच पेडण्याकडचा असणार. तो म्हणाला, "व्हय म्हाराजा."

अख्खं दुकान हसलं. तनयाही हसली, पण तक्रार तिनं नीट लिहून घेतली. कोड आला की संध्याकाळी फोन करीन म्हणाली, आणि तीनदा चुकलात तर कुलूप कायमचं बसेल, हेही बजावलं.

रोज संध्याकाळी सखाराम डोंगर चढायचा, शेवंतीशी बोलायचा, उतरून जानकीला सांगायचा, "बरी आसा." खरं वेगळंच होतं. खाणी बंद पडल्यापासून जावयाचा, श्रीनाथचा, ट्रक दारात उभा होता, त्याच्या चाकांत गवत आलं होतं. शेवंती दुसऱ्यांच्या बागेत काजू वेचायला जात होती. "आवयक सांगा नको," ती दर वेळी म्हणायची. देवापुढं सखारामनं कधी एक शब्द गाळला नव्हता. जानकीपुढं तो रोज गाळत होता.

एकोणिसाव्या दिवशी डोंगरावरच तनयाचा फोन आला. लिहून घेणं सखारामला कुठलं जमायला! सगळी गाऱ्हाणी तोंडपाठ, तसा हाही आकडा घोकत तो खाली उतरला. नवं कार्ड घातलं, आकडे दाबले. चुकलं. परत दाबले. परत चुकलं.

आता एकच खेप राहिली होती. सखाराम हात मांडीवर ठेवून बसून राहिला.

"मोट्यान म्हणा बगूया," जानकी म्हणाली.

"बारा पाच, एकेचाळीस, सतरा."

"ता तुमच्या देवाचा झाला. त्या दुकानातल्या चेडवान काय सांगल्यान?"

तेव्हा त्याला आठवलं. बारा, शून्य पाच. जन्मभर बारा पाच म्हणणाऱ्या जिभेनं मधलं शून्य गिळलं होतं. आता आकडा पुरा हाती होता, तरी अंगठा काही खाली येईना. जीभ चुकली होती की मन, ते त्याचं त्यालाच कळेना. जानकी फोनकडं बघत होती. पदरानं कान पुसून तयार बसली होती बिचारी.

त्यानं एकेक आकडा दाबला. कुलूप निघालं.

फोन लावून त्यानं तो जानकीच्या हातात दिला आणि आपण पडवीत जाऊन बसला. आत जानकी आधी खूप बोलली. मग बराच वेळ नुसतं "हूं, हूं." शेवटी, "वेळार जेव गो," एवढंच ऐकू आलं.

भिंतीला धरून ती बाहेर आली. फोन त्याच्या बाजूला ठेवला, पदरानं डोळे नीट पुसले.

"काय म्हणता शेवंती?" सखारामनं विचारलं.

जानकी डोंगराच्या वाटेकडं बघत राहिली. "बरी आसा म्हणता," ती म्हणाली. "काजी बरे धरलेहत यंदा."

सखारामनं मान खाली घातली.

"व्हय म्हाराजा," तो हळू म्हणाला.