गोंदाने चिकटवलेलं डोकं

मी बोल्ट बोलतोय. एका जुन्या गाडीच्या इंजिनाचं जड झाकण दाबून धरणारा बोल्ट. निदान होतो. आता माझं फक्त डोकं उरलंय, धड इंजिनातच अडकून पडलंय. तरी विचार करायला मला डोकं पुरतं. ज्याने मला तोडलं, त्याला धड आणि डोकं दोन्ही असून ते जमलं नाही.

माझा खरा मालक त्याचा सासरा. त्याने आम्हा सगळ्या बोल्टांना वर्षानुवर्षं नीट आवळलं. मधून सुरुवात, मग समोरासमोर करत कडेला. आधी हलकेच, मग थोडं जास्त, शेवटी जोर मोजणाऱ्या पान्याने. पाना 'कट्' म्हणाला की हात काढून घ्यायचा. हल्ली त्याची नजर जात चालली होती. ती पुरती जाण्याआधी एकदा ही गाडी स्वतः चालवायची, एवढंच त्याचं मागणं होतं. पण झाकणाखालची फट बंद ठेवणारं पातळ गॅस्केट गेलं होतं, आणि ते बदलायचं काम जावयाने आपणहून अंगावर घेतलं.

हा जावई पाण्याच्या बाटलीचं झाकणही असं लावतो, की बायकोला ते शेजाऱ्याकडून उघडून आणावं लागतं.

"बाबांनी सांगितलंय, मधून सुरू कर," ती म्हणाली.

"अगं, घट्ट म्हणजे घट्ट. त्यात मधलं न् कडेचं काय?"

मापाचा पाना कपाटातच राहिला. याने साध्या पान्याला हातभर पाइप जोडला, कोपऱ्यापासून सुरुवात केली आणि एकेकाला एका दमात पिळलं. बळी तो कान पिळी म्हणतात. मला कान नाहीत, म्हणून याने डोकं पिळलं. मी आधी ताणलो, मग मऊ पडलो. हाताला जाण असलेला माणूस इथे थांबतो. याला वाटलं, अजून वाव आहे. मी तुटलो.

मग या शूरवीराने इकडेतिकडे पाहिलं आणि माझं डोकं गोंदाने जागेवर चिकटवलं. वर स्वतःशीच पुटपुटला, "एकाने काय होतंय, बाकीचे आहेत की."

दुसऱ्या दिवशी सासरा इस्त्रीचा शर्ट घालून आला. किल्ली घेण्याआधी त्याने बॉनेट उघडायला लावलं आणि सवयीने आमच्यावरून बोटं फिरवली. मी अलगद त्याच्या हातात आलो. जावयाचा पांढराफटक चेहरा त्याला दिसला नाही, मला दिसला.

"काय झालं बाबा?" लेकीने विचारलं.

"काही नाही. डोळे चुरचुरतायत. आज राहू दे." त्याने मला गुपचूप खिशात टाकलं.

"बरोबर आहे, आधी डोळे," जावई लगेच म्हणाला. "गाडी कुठे पळून जातेय?"

मला दोघांचाही संताप आला. आम्हाला इतकं नेमकं आवळणारा माणूस, आणि जावयापुढे एवढा सैल! लेकीला खाली पाहावं लागू नये म्हणून गप्प बसला. माझं धड काढणारा मिस्त्री मिळून गाडी सुरू होईतो त्याची नजर पुरती गेली.

पाना हाती घेणाऱ्यांनो, दंडाचं कौतुक घरच्या आरशाला सांगा. अति तेथे माती, आणि ती माती दुसऱ्याच कुणाला तरी खावी लागते.

मी अजून सासऱ्याच्याच खिशात असतो. जावई अधूनमधून मोठ्या मनाने म्हणतो, "चला बाबा, मी चालवतो, तुम्ही शेजारी बसा."

सासरा खिशात हात घालून मला चाचपतो आणि म्हणतो, "नको."