सात वर्षांचा दाखला

देवयानीने फॉर्मवरची रिकामी जागा भरली: ‘सात साल से इसी खेत पर रहते हैं, बटाई पर जोतते हैं.’ खाली मुख्याध्यापिका म्हणून सही केली, शिक्का मारला. ओमवतीचा बाप हरपाल याने कागद कपाळाला लावला. पाचवीनंतर मुलीला गुडगावच्या मोठ्या शाळेत घालायचं, तर निदान तीन वर्षांच्या रहिवासाचा दाखला लागत होता.

संध्याकाळी दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये तिने हे नवऱ्याला कौतुकाने सांगितलं. जयदीपने चहाचा कप खाली ठेवला.

“वाट्याने जमीन कसतात, असं लिहिलंस?”

“खरंच आहे ते. माझ्या आजोबांना अशाच एका दाखल्यावर कुळाची जमीन मिळाली.”

“तेव्हा तिथे बिल्डर नव्हते, यार.”

तिला त्याचा राग आला. कागद हा गरिबाचा आधार, हे ती माहेरहून शिकून आली होती.

चौथ्या दिवशी हरपाल ओमवतीला घेऊन शाळेत आला. फॉर्मवर गावातल्या एकाची साक्ष लागते, म्हणून तो बिचारा सरळ जमीनमालक चौधरींकडेच गेला होता. मालकाला डावलून दुसऱ्याकडे जाणं त्याला बरं दिसलं नाही. चौधरी रागावले नाहीत. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि ठेवून घेतला. शेताचा सौदा ठरत आला होता. सात वर्षं कसणाऱ्याने उद्या हक्क सांगितला तर? आता त्यांना याच शाळेच्या शिक्क्याचा दुसरा कागद हवा होता.

“एक साल लिख दो, मैडमजी,” हरपालने हात जोडले. “नहीं तो कल ही खेत खाली करना पड़ेगा.”

“एक साल लिखा, तो इसका दाखिला नहीं होगा.”

“गेहूँ खड़ा है,” हरपाल म्हणाला.

करायला गेली एक आणि झालं भलतंच. देवयानीला स्वतःची भयंकर लाज वाटली. तिने कोरा कागद काढला, पण हात चालेना. तहसीलदार, वकील, जयदीपच्या मंत्रालयातले कुणी ओळखीचे, सगळे आठवून झाले. गहू काही त्यांच्यासाठी थांबणार नव्हता.

ओमवती टेबलाजवळ आली. तिने मॅडमच्या हातातलं पेन हळूच काढून घेतलं आणि वळणदार अक्षरात, एकही चूक न करता लिहिलं: ‘ये लोग इसी साल आए हैं.’

मग तिने कागद फिरवून समोर ठेवला.

“मैडम, यहाँ साइन.”