सिक्स्टनच्या विहिरीचं पाणी

कॉनीनं बोअरमधून उसळणारं करडं पाणी ओंजळीत घेतलं, जिभेला लावलं आणि तो पचकन थुंकला.

"गुनवोर, खारं लागलं."

मी जवळ गेले. "कितपत खारं?"

"हेरिंग मासे मुरवायला चालेल एवढं."

मेला दात काढत होता. बोअर मारणं हा त्याचा रोजचा धंदा, त्याला काय! मी कुंपणापलीकडे बघत होते. तिथे आमच्या शेजाऱ्याची, सिक्स्टनची विहीर आहे.

आमच्या बेटावर खडकात वर थोडं गोडं पाणी आणि त्याच्याखाली समुद्र. बोअर फार खोल गेली की खालचं वर चढतं आणि शेजाऱ्याची विहीर नासते. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मलाही होतं.

जन्मभर मी गाड्यांची फेरीबोट चालवली. वादळात सापडले, बर्फात अडकले, पण कधी घाबरले नाही. भीती घरात शिरली ती गेल्या हिवाळ्यात, माझ्या नवऱ्याचं, बोर्येचं, अर्धं अंग आणि वाचा गेली तेव्हा. आमचं घर लाकडाच्या भट्टीवर तापायचं. एकदा मी औषधं आणायला पलीकडच्या काठावर गेले आणि बर्फामुळे बोट बंद पडली. परत येईपर्यंत भट्टी विझलेली. बोर्ये खुर्चीत तसाच बसलेला, ओठ निळे. हाक मारायला त्याला जीभ कुठे होती! त्यानंतर साधं दूध आणायला निघाले तरी दोनदा परत फिरून भट्टी बघायची. म्हणून हा उष्णतेचा पंप; बोअर त्याच्यासाठीच. खडकात नळी सोडायची, तिच्यातून जमिनीची ऊब घरात घ्यायची. लाकूड नको, भट्टी नको.

कॉनी आधीच म्हणाला होता, "दोन बोअर मारू, कमी खोल. एक तिरकी जाईल, सिक्स्टनच्या जमिनीखालून. त्याला तेवढं विचारून घे."

विचारून घे! आमच्याकडे शेजाऱ्याची होडी वाहून चालली तर न सांगता पाण्यात उडी घेतील, पण त्याच्या दाराची बेल वाजवून काही मागायला कुणी धजत नाही. चाळीस वर्षांच्या शेजारात मी सिक्स्टनकडे कधी वाटीभर साखर मागितली नाही, त्यानंही नाही. मी म्हटलं, "एकच मार, पण खोल मार."

आता भोगा!

कॉनीनं बोअरचा तळ सिमेंटनं बुजवला. "बहुतेक थांबेल," म्हणाला.

"बहुतेक म्हणजे?"

"म्हणजे बहुतेक."

पंप सुरू झाला. घर उबदार झालं, बोर्येची बोटं गरम लागू लागली, पण मला मेलीला त्याचं सुख नाही. सिक्स्टन विहिरीवर आला की मी पडद्याआड उभी. पाणी तोंडात घेतो का? थुंकतो का? मेंढ्या पितात का? विहीर गेली तर ऐंशीच्या घरातला हा माणूस मेंढ्या विकणार, बेट सोडणार आणि शहरातल्या कुठल्याशा खोलीत भिंतीकडे बघत मरणार. माझ्यामुळे!

शेवटी एका सकाळी वेलदोड्याचे पाव घेतले आणि जाऊन त्याची बेल वाजवली. दार उघडताच त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"बोर्ये गेला?"

"नाही रे! तो बरा आहे. मी... आमच्या बोअरला खारं पाणी लागलं, सिक्स्टन. बुजवलंय, पण तुझी विहीर..."

"आत ये आधी. थंडी घरात येतेय. बूट काढ."

त्यानं कॉफी ओतली. मी घोट घेतला. खारट. चांगलीच खारट. माझे डोळे भरून आले.

"अरे, हे तर..."

"चार-पाच दिवस झाले."

"मग बोलला का नाहीस? येऊन चार शिव्या तरी घालायच्यास!"

"यायचं म्हणजे बेल वाजवावी लागली असती," तो खाली बघत म्हणाला.

"आणि मेंढ्या?"

"त्यांचं काय! त्यांना चाटायला मी मीठ विकत आणतो. आता घरचंच." तो हसला. मला हसू येईना. त्याची नजर पुन्हा पुन्हा खिडकीतून विहिरीकडे जात होती. तोही घाबरलेला होता, माझ्याइतकाच.

"उद्या कॉनीला बोलावते," मी म्हटलं. "पंप बंद करून सगळी बोअर बुजवायला लावते."

"बोर्येचे हात गरम असतात आता?"

"असतात."

"मग राहू दे."

त्यानं कप तोंडाला लावला आणि ती कॉफी थेंब न ठेवता पिऊन टाकली. मग किटली उचलून माझ्यापुढे धरली. मी माझा कप रिकामा केला आणि पुढे केला.