आधी पाणी उकळू द्या

मित्रांनो, मी एक जुना टोप आहे, आणि खरे सांगायचे तर वैतागलेला टोप आहे. मला दोन कान आहेत, तोंड भलेमोठे आहे, पण जीभ नाही. त्यामुळे सगळे ऐकावे लागते आणि बोलता काही येत नाही. ज्याला असे दिवस काढावे लागले असतील त्यालाच माझा वैताग कळेल.

माझा जन्म कारखान्यातला. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची एक गोल चकती यंत्राच्या दाबाखाली गेली आणि एका दणक्यात तिला बूड आणि भिंती आल्या. एका कारागिराने माझा काठ वळवला, दुसऱ्याने रिव्हेट मारून कान बसवले, तिसऱ्याने मला इतके घासले की त्याच्या मिशा माझ्या पोटात दिसू लागल्या. पुढे एका दुकानात मी लहानमोठ्या टोपांच्या उतरंडीत बसून होतो. तिथे एका बाईने मला उचलले, बुडावर टिचकी मारून आवाज ऐकला आणि नवऱ्याला म्हणाली, “हाच घेऊ. जाड आहे. आपल्या पश्चातही टिकेल.”

तिच्यापुरते तिचे म्हणणे खरे ठरले. ती होती तोवर माझी चैन होती. भात, रस्से, दूध, लेकीच्या सर्दीसाठी वाफारा, सगळे माझ्यात झाले. तापलेल्या टोपात तिने कधी गार पाणी ओतले नाही. पाहुण्यांना ती सांगायची, “माझा हा टोप काही लागू देत नाही.” ती गेली तेव्हा मी फळीवर पालथा होतो. बरेच दिवस कोणी मला सुलटे केले नाही.

घरात उरले दोघे. बाबा आणि त्यांची लेक. बाबा शहराच्या बसचे ड्रायव्हर होते, आता निवृत्त. लेक एका प्रयोगशाळेत रक्त तपासण्याचे काम करते. सकाळी स्वयंपाक करून ती कामावर जायची आणि संध्याकाळी येऊन पुन्हा शेगडीसमोर उभी राहायची. बाबांना शेगडी फक्त विडी पेटवण्यापुरती माहीत होती, आणि विडी तर डॉक्टरांनी बंद केली होती.

मग लेकीला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात बोलावणे आले. तिथल्या प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून. शनिवारपर्यंत हो की नाही ते कळवायचे होते.

“जा तू,” बाबा म्हणाले. “मी काय कुक्कुलं बाळ आहे?”

“बाळाला निदान भूक लागली की रडता येतं. तुम्ही उपाशी झोपाल आणि फोनवर मला सांगाल की पोटभर जेवलो.”

हे खरे आहे हे त्यांनाही ठाऊक होते. मग लेकीनेच तोड काढली. एक गरम जेवण तुम्ही स्वतःच्या हाताने नीट करून दाखवा, मी जाते. नाही जमले तर मी इथेच. आणि तिने दुकानातून बर्फात गोठवलेल्या वॉन्टनचे पाकीट आणले. वॉन्टन म्हणजे मैद्याच्या पातळ पारीत सारण भरून दुमडलेली छोटी पुडकी. मला ती पहिल्या नजरेत आवडली.

“बाबा, याच्याहून सोपं जगात काही नाही. पाणी खळखळून उकळायचं. त्यात आल्याच्या चकत्या, ठेचलेला लसूण. मग वॉन्टन फ्रीजरमधून काढून तसेच सोडायचे, बर्फ वितळायची वाट बघायची नाही. वर तरंगले की गॅस जरा कमी करून थोडं थांबायचं. शेवटी सोया सॉस, पालक, कांद्याची पात. झालं.”

“एवढंच ना? यात शिकवण्यासारखं काय आहे?”

मित्रांनो, इथून माझ्या वैतागाला सुरुवात होते.

बाबांनी जन्मभर गाडी चालवली. पहाटे डेपोत इंजिन चालू करायचे, घाई न करता मंद फिरू द्यायचे, सावकाश तापू द्यायचे, हा त्यांचा धर्म. थंड इंजिन एकदम तापवणाऱ्या पोरांना त्यांनी शिव्या घातल्या होत्या. तोच धर्म त्यांनी मला लावला. नळाचे गार पाणी माझ्यात भरले, त्यात पाकीट रिकामे केले, आले, लसूण, पालक, सगळे एकदम लोटले, झाकण ठेवले, गॅस बारीकातला बारीक केला, आणि हात मागे बांधून उभे राहिले.

आत काय झाले ते मलाच माहीत. वॉन्टन दगडासारखे माझ्या बुडाशी जाऊन बसले. गार पाण्यात त्यांच्या पाऱ्या भिजल्या, फुगल्या, एकमेकींना चिकटल्या, मला चिकटल्या. पाणी कोमट होईपर्यंत सारण एकीकडे आणि पारी दुसरीकडे. मला ओरडावेसे वाटत होते. पण टोपाची भाषा एकच, उकळी. आणि तीच ते मला येऊ देत नव्हते.

लेकीने झाकण उघडले. “बाबा! ही खळ झालीये, खळ!”

“पहिल्यांदा व्हायचंच.”

“पाणी आधी उकळायचं सांगितलं होतं ना?”

“उकळतच होतं. हळूहळू.”

“सरा तुम्ही. मी करते.” आणि तिने त्यांच्या हातातली पळी काढून घेतली. दुसरे पाकीट फोडून तिने झकास सूप केले. ती ते करत असताना बाबा बाहेर जाऊन बसले. म्हणजे शिकवणी संपली आणि विद्यार्थी वर्गाबाहेरच.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. बाबांना वाटे, आपला गॅस अजून मोठाच राहिला असेल, म्हणून ते तो आणखी बारीक करत. लेकीला वाटे, हे मुद्दाम ऐकत नाहीत. ती पळी ओढून घेई, ते बाहेर जात. मी दोघांच्या मध्ये, दोघांचे ऐकत, बुडाला खळ घेऊन. ती खळ काढायला तारेची घासणी लागे. माझ्या पोटावर अजून तिचे ओरखडे आहेत.

शुक्रवारी दुपारी लेक कामावर असताना कंडक्टर आला. बाबांच्याच बसवर त्याने उभी हयात तिकिटे फाडली होती. आता तो खालच्या मजल्यावर राहतो आणि बरोबर जेवणाच्या वेळी त्याला मित्राची आठवण येते. त्याच्यापुढे बाबांनी वाटी ठेवली. त्याने चमचा घातला, उचलला, चमच्याबरोबर वाटीही उचलली गेली.

“ड्रायव्हर, हे प्यायचं की पोस्टर चिकटवायचं?”

“गिळ गपचूप.”

“गिळतो. पण घशात अडकलो तर तुझ्या नावाने अडकलो.”

बाबा हसले नाहीत. कंडक्टरने चमचा खाली ठेवला. “काय झालं रे?”

“पोरगी उद्या ‘नाही’ म्हणून कळवणार. माझ्यापायी.” बाबांनी वाटी मागे ओढली. “एवढी शिकली. आणि बापाला पाण्यात चार पुडकी शिजवता येत नाहीत, म्हणून ती इथे सडणार.”

“तू करतोस कसं, ते तरी सांग.”

बाबांनी सांगितले. गार पाणी, सगळे आत, आच मंद, इंजिनासारखे. कंडक्टर ऐकत राहिला. मग म्हणाला, “लेका, डेपोत इंजिन तापवायचास तेव्हा गाडीत प्रवासी असायचे का?”

“डेपोत कुठले प्रवासी?”

“मग? गाडी आधी रिकामी तापायची. थांब्याला लागली की मी माणसं आत घ्यायचो. तू या बिचाऱ्यांना थंड गाडीत कोंबून दार लावून घेतलंस. चेंगरून मेले ते!”

बाबांनी वळून माझ्याकडे बघितले. मी मनातल्या मनात कंडक्टरला लाख दुवे दिले. पण दुवे देण्याची घाई झाली. बाबांनी मला घासले, पुसले, शेगडीवर ठेवले आणि गॅस मोठा केला. गाडी रिकामी तापायची म्हणजे रिकामी. पाण्याचा थेंबसुद्धा नाही! आणि दोघे बसले जुन्या मार्गावरच्या एका वळणाच्या गप्पा मारत.

मित्रांनो, रिकाम्या टोपाला मोठ्या आचेवर काय होते ते मी सांगू शकत नाही. माझे बूड काळेनिळे पडले. मग आतून ठण्णकन आवाज झाला आणि ते बाहेरच्या बाजूला फुगले.

“अरे, जळतंय काहीतरी!” कंडक्टर धावला. “रेडिएटरमध्ये पाणी कोण घालणार? तुझा आजा?”

बाबांनी घाबरून तांब्याभर गार पाणी माझ्यात ओतले. मी असा किंचाळलो की दोघे मागे सरकले. त्या दिवसापासून मला कुठेही ठेवले तरी मी डुगडुगतो. कोणी माझी माफी मागितली नाही. कंडक्टर तर हसून हसून भिंतीला टेकला होता.

मग मात्र पाणी भरले गेले. आच मोठी. दोघे माझ्यावर वाकून उभे. तळाशी बुडबुडे धरले, सुटले, वर आले, आणि शेवटी मला उकळी फुटली. इतक्या दिवसांनी मला बोलता आले! आले पडले, लसूण पडला. बाबांनी वॉन्टन चार-चार करून सोडले, पळीच्या पाठीने अलगद हलवले. ते खाली गेले आणि थोड्या वेळाने एकेक करून वर आले. अख्खे, गोंडस, पारी चकाकती.

“पुढे सरका, पुढे सरका,” कंडक्टर त्यांना सांगत होता. “मागे जागा आहे.”

लेक कामावरून परतली तेव्हा सूप पुन्हा नव्याने होत होते. ती थकलेली होती, आणि उद्याचे उत्तर तिच्या चेहऱ्यावर आधीच लिहिलेले होते. माझ्यातून वाफ येताना दिसली तशी सवयीने तिने पळीकडे हात नेला.

“ताई,” कंडक्टर म्हणाला, “गाडी चालू असताना ड्रायव्हरशी बोलू नये. पाटी वाचली नाहीस का कधी?”

“काका, पण ते...”

“बस खाली.”

ती बसली. बाबांनी पालक टाकला, पात टाकली, गॅस बंद केला. वाटी तिच्यापुढे ठेवून ते पळी हातात धरूनच तिच्याजवळ उभे राहिले. तिने एक वॉन्टन खाल्ला. दुसरा खाल्ला. सूप प्यायली.

“मीठ कमी आहे,” ती म्हणाली.

बाबांचा चेहरा उतरला.

“बाकी बरोबर आहे, बाबा.” आणि तिने वाटी पुन्हा पुढे केली. दुसरी वाटी अर्धी झाल्यावर ती वाटीकडेच बघत म्हणाली, “उद्या हो कळवते मी.”

बाबा लगेच शेगडीकडे वळले आणि काही कारण नसताना माझे झाकण उघडून आत बघू लागले. त्यांचे डोळे फक्त मी पाहिले. श्रेय सगळे कंडक्टरला मिळाले. बूड फुगले माझे.

निघण्याआधी लेकीने मला ओट्यावर ठेवून पाहिले. मी डुगडुगलो. “उकळतं पाणी अंगावर सांडेल तुमच्या,” ती म्हणाली, आणि बाबांसाठी सपाट बुडाचा नवा स्टीलचा टोप आणला. मला फेकून देतील या भीतीने मी गारठलो होतो. पण तिने मला जुन्या ओढणीत गुंडाळून आपल्या सामानात घेतले. “मला एकटीला पुरे आहे हा.” मला फार बरे वाटले. आता मी जाणकार हातात जाणार होतो.

आता मी तिच्या नव्या खोलीत राहतो. एक खाट, एक खुर्ची, एका शेगडीचा ओटा, खिडकीतून समोरच्या इमारतीचे पाइप दिसतात. सुरुवातीला ती आले किसायची, पात चिरायची. मग काम वाढले. प्रमुख म्हटल्यावर सगळ्यांच्या चुका तिच्या. ती येते ती दमून. चप्पल काढायच्या आधी नळाखाली मला धरते, गार पाण्यात वॉन्टन ओतते, गॅस लावते आणि खाटेवर आडवी होते. आले नाही, लसूण नाही, हिरवे पान नाही. जिने बापाला आठवडाभर बजावले की पाणी आधी उकळू द्या, ती! उठते तेव्हा माझ्यात खळ झालेली असते. ती माझ्यातूनच चमच्याने खाते, उभ्या उभ्या. वाटीसुद्धा घेत नाही.

काल खाता खाता फोन वाजला.

“जेवलीस का गं?” बाबांचा आवाज.

“जेवतेय बाबा. तुम्ही?”

“मी आज अंडं फोडून सोडलं सुपात. कंडक्टर म्हणतो, हॉटेल काढ. तू काय केलंस?”

“सूपच.”

“पाणी उकळू दिलंस ना आधी?”

तिने माझ्यात बघितले. “हो बाबा. अगदी खळखळून.”

“आणि आलं?”

“घातलं.”

“शाब्बास,” बाबा म्हणाले. तिने फोन ठेवला आणि उरलेली खळ खरवडू लागली.

मित्रांनो, रिकामे भांडे आचेवर विसरू नका, तापलेल्या बुडावर गार पाणी ओतू नका, तारेच्या घासणीने आमची कातडी सोलू नका, हे मी सांगणारच. पण त्याहून मोठे सांगणे दुसरे आहे. दुसऱ्याने नीट जेवावे म्हणून माणसे जिवाचे रान करतात, आणि स्वतःचे ताट वाढायची वेळ आली की त्यांना वाटेल ते चालते. एका माणसाच्या जेवणाच्या पाण्यालाही उकळी यावी लागते. तेवढी वाट स्वतःसाठीही बघायची असते.

आत्ता कुलपात किल्ली फिरली. ती आली आहे. मला नळाखाली धरून तिने शेगडीवर ठेवले आहे, पाणी गार आहे आणि पाकीट तिच्या हातात आहे. मला बोलता येत नाही. तुमच्या घरी असे कोणी असेल, तर तुम्ही तरी सांगा: जरा बस. चप्पल काढ. उकळी येईपर्यंत मी आहे इथे.