कडी उघडण्याआधी

"उतरा. सामान टाका. इकडून या," शुभांगी ओरडली, तसे रंगराव मांडीवरचं वांग्यांचं टोपलं घेऊनच उठले.

"बाबा, सामान टाका म्हटलं ना."

"वांगे हाय त्यात. टाकून कसं जमन?"

"इमानाले आग लागली हाय."

"मंग तं नेलेच पायजे," रंगराव शांतपणे म्हणाले. "फुकटात भरीत होऊन जाईन."

रिसोडपासून तीन किलोमीटरवर रंगरावांचा भाजीचा मळा. मळ्यात कुटाराचा, म्हणजे गुरांच्या सुक्या चाऱ्याचा, कोठा. गेले तीन दिवस तो कोठा बोइंग विमान होता. अंगणात पालथ्या घातलेल्या क्रेट म्हणजे सीटा, कोठ्याचं पत्र्याचं दार म्हणजे विमानाचं दार. प्रवासी अंगणात बसत असल्यामुळे विमानाचं 'बाहेर' हे कोठ्याच्या आत येत होतं, पण एवढी अडचण कोणत्याही नव्या विमानात असायचीच.

दुसरा प्रवासी शुभांगीचा थोरला भाऊ दिनेश. तो काळीपिवळी जीप चालवी, त्यामुळे गर्दीतला जाणकार.

"किती मानसं असतेत तुया इमानात?"

"एकशे ऐंशी."

"दोन फेऱ्या," दिनेश म्हणाला.

शुभांगी हसली नाही. चार वर्षं ती लहान विमानावर हवाई सुंदरी होती. ते विमान इतकं बुटकं, की दार उघडलं की माणूस ओट्यावरून उतरावा तसा उतरायचा. आता कंपनी ती विमानं काढून टाकणार होती आणि सगळ्यांना बोइंगवर जायचं होतं. विमान बदललं की सगळं पुन्हा शिकायचं, परीक्षा द्यायची, आणि पास झालं तरच त्या विमानात पाय ठेवायचा. बोइंगचं दार उंचावर. त्याला रबरी घसरगुंडी जोडलेली. आधी हे दाबा, मग ते फिरवा, मग ढकला, मग तिसरंच काहीतरी ओढा.

हा क्रम तिने असा घोकला होता की झोपेतही तिचा हात हवेत फिरायचा. पहिल्या परीक्षेत तो बिनचूक फिरला. नऊ सेकंदांत दार उघडलं. फक्त त्याआधी काचेतून बाहेर पाहायचं राहिलं. बाहेर आग होती, म्हणजे परीक्षा घेणाऱ्या रविकांत सरांनी लावलेला नारिंगी दिवा होता.

"अभिनंदन," रविकांत सर म्हणाले होते. "तुमच्या दाराची चौऱ्याण्णव माणसं तुम्ही वेळेच्या आत जाळलीत."

जळालेल्यांपैकी सहा जण तिच्याच बॅचचे होते. नंतर कँटीनमध्ये ते सांबार-वडा खात बसले होते. त्यातल्या एकीने 'होतं गं असं' म्हणून तिच्या पाठीवरून हात फिरवला. मेलेल्या माणसाने धीर दिल्यावर जे वाटतं, ते तिला तेव्हापासून वाटत होतं. तळवे सतत ओले. भाकरी धरली की गळायची. येताना एसटीत ती संकटकालीन दाराशेजारी बसली आणि वाशीम येईपर्यंत त्याच्याकडे पाहत राहिली.

सोमवारी दुसरी परीक्षा. पुन्हा नापास झाली तर फाइल बंद. लहान विमानावर परत जायचं, तर तिकडे आता दारच राहिलं नव्हतं.

"या डाव घड्याळ लावतो," दिनेशने मोबाइल काढला. "बसा बाबा. लागली आग."

शुभांगीची आई गोजराबाई ओट्यावर मेथी निवडत बसली होती. या विमानात तिने एकदाही पाय ठेवला नव्हता. तिची कोठा उघडायची रीत जुनी होती. पत्र्यावर पायाने दोनदा ठोकायचं, 'सरक रे बाबा' म्हणायचं, थांबायचं, फटीतून आत पाहायचं आणि मगच कडीला हात लावायचा. लहानपणी शुभांगी तिची नक्कल करून सगळ्यांना हसवायची. आज सकाळपासून आई दोनदा म्हणाली होती, "ठोकत जाय वं." शुभांगी म्हणाली होती, "इमानाले ठोकत नसतेत, आई."

"चाल," दिनेश म्हणाला.

शुभांगी धावली. कडी काढली, दार ढकललं, "इकडून या" म्हणून पाऊल आत टाकलं आणि तिची वेणी मागून अशी ओढली गेली की ती पाठीवर पडली.

कुटारावर, तिचं तोंड होतं तिथून हातभर अंतरावर, नाग फणा काढून उभा होता.

रंगरावांनी टोपलं छातीशी धरलं. ओट्यावरून धावत आलेल्या आईच्या मुठीत वेणी होती, आणि ती मूठ सैल होत नव्हती, हे शुभांगीला डोक्याच्या कातडीतून कळत होतं. बऱ्याच वेळाने नागाने फणा मिटला आणि तो मागच्या भिंतीच्या भोकातून निघून गेला. दिनेशच्या हातातलं घड्याळ चालूच होतं. एक मिनिट चाळीस.

"पाह्यलं होतं का आंधी?" आईने विचारलं.

"नाई."

"तुया निता आत्यानं बी नवतं पाह्यलं."

निता आत्या तापाने गेली, असंच घरात आजवर सांगत आले होते. शुभांगीने वडिलांकडे पाहिलं. ते टोपल्यातली वांगी एका बाजूने दुसऱ्या बाजूला लावत होते.

"याच दाराशी?"

"हेच दार." आई ओट्यावर जाऊन बसली आणि तिने मेथीची जुडी पुन्हा हातात घेतली. "कडी तं कोनीबी काढते."

सोमवारी हैदराबादच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये धूर सोडला, घंटा वाजली, बॅचमधले प्रवासी ठरल्याप्रमाणे किंचाळले. शुभांगी दाराशी पोचली. हात आपोआप दाराच्या मुठीकडे निघाला आणि वाटेत थांबला. तिने काळ्या बुटाने दारावर दोनदा ठोकलं.

"सरक रे बाबा."

मग काचेतून पाहिलं. बाहेर नारिंगी होतं.

दाराला पाठ लावून, दोन्ही हात आडवे पसरून तिने सगळ्यांना पलीकडच्या दाराकडे वळवलं. सांबार-वड्याची मंडळी त्या दिवशी जिवंत राहिली.

रविकांत सरांनी कागदावर 'पास' लिहिलं आणि पेन तसंच धरून विचारलं, "ते पायाने काय केलंत?"

"बाहेर कोणी आहे का पाहिलं, सर."

"कोण असणार?"

सरांनी शेऱ्यात लिहिलं, 'दाराला लाथ मारणे प्रक्रियेत बसत नाही.'

जिन्याच्या कठड्याला टेकून तिने घरी फोन लावला. आईने पास-नापास विचारलं नाही.

"पाह्यलं का?"

"पाह्यलं."

"बरं," आई म्हणाली.

गोजराबाईला फोन बंद करायची सवय नव्हती. तो पलीकडच्याने करायचा. तिने तो तसाच कमरेला खोचला असावा. शुभांगीला आधी चपला ऐकू आल्या, मग गायीचं हंबरणं, मग पत्र्यावर पायाचे दोन ठोके.

त्यानंतर काहीच नाही.

ओला तळवा फोनवर घट्ट धरून शुभांगी जिन्यात उभी राहिली. वरून रविकांत सर उतरत आले, काहीतरी म्हणाले आणि पुढे गेले. मग खूप लांब, वाशीम जिल्ह्यात, कडी वाजली.