मऊ गाठ

वरून तिसरं बटण निळं होतं. बाकीची पांढरी, हे एकच निळं, आणि मुबांगाची जाड बोटं नेहमी तिथेच अडायची. बटण भोकाच्या कडेला टेकवायचं, निसटायचं, पुन्हा टेकवायचं... आणि त्याची आई, चिलेशे, उंबऱ्यावर बसून, स्वतःचे हात मांडीखाली दाबून नुसती बघत राहायची. कारण मदत करायची नाही, लागू दे वेळ, त्याचं त्याला करू द्या, हे केंद्रातल्या नामविंगा बाईंनी तिला शिकवलं होतं. आज तीही मनात तेच म्हणत होती — लागू दे वेळ. दुपार होऊ दे, बाजार उठून जाऊ दे, पण ते बटण लागू नये. एकदा ते लागलं की तो उठणार, आणि उठला की म्हणणार —

"आई, शाळा."

एकतीस वर्षांचा मुलगा, दारातून वाकून बाहेर पडणारा. शाळा म्हणजे ते केंद्र, चर्चच्या मागची लांब खोली. वाढलेली, तरी लहानच राहिलेली माणसं सकाळी तिथे जमायची, चिंध्यांची पायपुसणी विणायची, गाणी म्हणायची, आणि मुबांगा नळावरून पाणी आणायचा. दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या, थेंब न सांडता. त्याचं पाणी आल्याशिवाय तिथे चहा चढत नसे. हे गेल्या महिन्यापर्यंत. मग एका सकाळी बेसा नावाच्या मुलीने गंमत म्हणून त्याची बादली पळवली, त्याने तिला ढकललं, ती पायरीवर तोंडघशी पडली आणि तिचे पुढचे दात गेले. बेसाचा बाप म्हणाला, तो राहील नाहीतर आम्ही राहू. मग बाकीच्यांचे आईबापही तेच म्हणू लागले, आणि मुबांगाची शाळा सुटली.

तेव्हापासून चिलेशे बाजारात बसली नव्हती. एकदा त्याला सोबत नेलं, तर गर्दीला भिऊन तो टोमॅटोच्या ढिगात शिरला. एकदा कडी लावून गेली, तर तो खिडकी मोडून निघाला आणि खाणीच्या रस्त्यावर, तांब्याच्या ट्रकांच्या मधोमध उभा राहून गाणं म्हणत होता. ड्रायव्हर खाली उतरून शिव्या देत होते. पीठ संपलं होतं. काल रात्री मक्याच्या पिठाचा न्शिमा शेजारच्या काब्वेच्या आईने झाकून आणून दिला, आणि ताटाबरोबर, घडी करून, एक लांब फडकंही.

"घे. माझ्या नेसायच्या जुन्या चितेंग्याचं आहे. सुतळी काचते."

चिलेशेला वाटलं, आता ही टोमणा मारेल. मारायला हवा होता, तिचा हक्क होता. सहा वर्षांपूर्वी हीच चिलेशे नामविंगा बाईंबरोबर केंद्रासाठी मुलं शोधत घरोघर फिरत होती, आणि हिचा मुबांगासारखाच मुलगा काब्वे अंगणातल्या आंब्याला सुतळीने बांधलेला दिसल्यावर, सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली होती — माणूस आहे तो, बकरी नव्हे. गाठ सुटेना तेव्हा दातांनी सोडवली होती. काब्वेची आई नुसती उभी होती...

"तू त्याला सोडवून गेलीस ना," ती काल म्हणाली, "मी दुसऱ्या दिवशी परत बांधला. फक्त सुतळी टाकली आणि हे घेतलं. काय करणार बाई, शेत कोण बघणार होतं?"

काब्वे तापात गेला, त्याला दोन पावसाळे झाले. फडकं तिने जपून ठेवलं होतं.

बटण लागलं.

ती त्याला केंद्राच्या फाटकापर्यंत घेऊन गेली. एकदा शेवटचं विचारून बघू म्हणून. आत गाणं चालू होतं. मुबांगा गजांना धरून उभा राहिला आणि सगळ्यांच्या मागून, एकेक शब्द उशिरा, म्हणू लागला. बाई बाहेर आल्या.

"दुपारपर्यंत तरी, बाई. मासळी विकून लगेच येते."

"मुबांगाची आई, नका हो असं बोलू. सगळ्यांना सांभाळायला आम्ही दोघीच आहोत. उद्या परत कुणाला लागलं तर ही खोलीही काढून घेतील."

"तो मुद्दाम नाही करत."

"हे मला सांगताय?" बाईंचे डोळे भरले होते, आणि चिलेशेला त्या डोळ्यांचा राग आला — तुम्ही रडा, बाई, तुम्हाला रडून आत जाता येतं.

उकडलेल्या रताळ्याचं आमिष दाखवत तिने त्याला परत आणलं. खाटेवर बसवलं. ती खाली बसली, फडकं हातात घेतलं, आणि त्याने आपणहून पाय पुढे केला.

"बूट?"

"हो," ती म्हणाली. "बूट."

घोट्याभोवती दोन वेढे, मग खाटेच्या लोखंडी पायाला. हात इतके थरथरत होते की गाठ दोनदा सुटली, आणि तोवर तो पाय हलवायचा नाही म्हणून ताठ धरून बसला होता, शहाण्यासारखा. पाणी, रताळी हाताशी ठेवली. ती दार ओढून निघाली आणि नळाच्या कोपऱ्यापर्यंत तिला त्याचं हाक मारणं ऐकू येत राहिलं. ‘आई’ नाही, ‘शाळा, शाळा’...

चिसोकोने नावाच्या त्या बाजारात तिने कापेंताचं पोतं सोडलं आणि त्या सुक्या मासळीचा वास नाकात भरला, तशी तिची बोटं आपसूक चालू लागली. मापटं भरायचं, वर चिमूटभर सांडायचं, गिऱ्हाइकाला खूश करायचं.

"कुठे होतीस इतके दिवस?" बाजूची म्हातारी म्हणाली. "नवरा केलास की काय?"

"केला होता. चूलसुद्धा पेटवता येईना, दिला परत पाठवून."

सगळा ओटा हसला. चिलेशेही हसली, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पाणी पुसताना तिला एकदम कळलं की सकाळपासून आतापर्यंत — कधीपासून? पोतं सोडल्यापासून? — मुबांगा तिच्या मनात नव्हता. नव्हताच. आणि ते हलकं वाटलं होतं. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच पाठीवरून कुणीतरी काहीतरी उतरवून घेतल्यासारखं... ती मापटं हातात धरून तशीच राहिली, आणि समोरची बाई म्हणाली, "भरतेस ना गं?"

पोतं संपलं. पीठ घेतलं, तेल घेतलं. परत येताना तिच्या लक्षात आलं, आपण धावत नाही आहोत. बाजारातून घरी ती नेहमी धापा टाकत यायची. आज पाय आपले रमतगमत चालले होते, एका दुकानाशी ती उगीच थांबलीही.

दारापाशी आली तेव्हा आतून काही ऐकू येत नव्हतं. फटीतून दिसला तो खाटेवर बसलेला, जागा, भिंतीकडे बघत. फडक्याला हात लावलेला नव्हता. ओरडला असता, खाट उलथली असती, तर तिने दार ढकलून धाव घेतली असती, त्याच्या पायाशी पडली असती. पण तो नुसता बसला होता, जणू हे असंच असतं हे त्याला एका दिवसात समजलं होतं.

उद्या हात थरथरणार नाहीत, असं तिच्या मनात आलं. उद्या लवकर होईल. आणि हे मनात आल्यावर रडू यायला हवं होतं. डोक्यावर पिठाची पिशवी तोलत, दार न उघडता, ती त्या रडण्याची वाट बघत उभी राहिली.